तहानेचा निरोप आणि मूत्रपिंडाच्या पेशी

दसरा-दिवाळीच्या सुमारास अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. फडात ऊन असते, घाम असतो, पाणी अपुरे असते. आडोसा नसल्याने कित्येक बायका तर मुद्दामच कमी पाणी पितात. अशा वेळी शरीर पाणी कसे राखते? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींनी दिले आहे.

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक रक्तात परततो. लघवीवाटे दीड-दोन लिटरच जातो. पाणी कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात येते आणि मूत्रपिंडातल्या शेवटच्या नलिका आणखी पाणी परत ओढतात. मात्र जिवंत शरीरात रक्तदाब, क्षार, इतर संप्रेरके असे सगळेच एकदम बदलते. एकाचा परिणाम सुटा पाहायचा, तर पेशी शरीराबाहेर वाढवाव्या लागतात. १९५८ मध्ये मॅडिन आणि डार्बी यांनी कॉकर स्पॅनियल कुत्र्याच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या पेशींचा वंश आजही जगभर वापरात आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र असे पेशीवंश जतन करून देशभरच्या संशोधकांना पुरवते.

डुकराच्या मूत्रपिंडापासून मिळालेल्या एका पेशीवंशाने मोठा उलगडा केला. पोषकद्रवात व्हॅसोप्रेसिन मिसळले की ते पेशीत शिरत नाही. पृष्ठभागावरच्या ग्राही रेणूला चिकटते. मग आत चक्रीय एएमपी हा दुय्यम निरोप्या तयार होतो. पण या पेशींकडे निरोप घेणारा ग्राही असला, तरी पाण्याची खास दारे नव्हती. १९९५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ॲक्वापोरिन-२ या दाराचे जनुक त्यांच्यात घातले. आता व्हॅसोप्रेसिन मिळताच पेशीच्या पोटातली दारे काही मिनिटांत पृष्ठभागावर येऊन बसली.

म्हणजे निरोप पोचणे वेगळे आणि दार उघडणे वेगळे. काही मुलांमध्ये जन्मतःच ग्राही किंवा दार सदोष असते. संप्रेरक भरपूर असूनही त्यांना सतत लघवी होते, तहान भागत नाही. दोष कोणत्या कडीत आहे, हे अशा पेशींमध्ये तपासता येते.

फडातल्या बाईची थोडी, गडद पिवळी लघवी म्हणजे हीच दारे नेटाने काम करत असल्याची खूण. मात्र ती गाळलेले पाणीच परत देतात, नवे पाणी निर्माण करत नाहीत. ते बाहेरूनच मिळावे लागते. आणि ते निर्धास्तपणे पिता यावे, म्हणून आडोसाही.