दातखीळ, सुरी आणि तांबडे थेंब

अलेक्झांडर ड्यूमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ (१८४४-४६) या कादंबरीत तुरुंगातला पाद्री आबे फारिया याला झटके येतात. आचके, तोंडाला फेस, मग दातखीळ. सुरीने दात उघडून तांबड्या औषधाचे आठ-दहा थेंब घाल, असं त्यानं सोबत्याला सांगून ठेवलेलं असतं. सोबती तसं करतो आणि म्हातारा शुद्धीवर येतो. या पाद्र्याचं नाव ड्यूमानं गोव्यातल्या कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेल्या, संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या खऱ्या फारियावरून घेतलं.

प्रसंग वाचताना श्वास रोखला जातो, पण उपाय घातक आहे. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात सुरी, चमचा, किल्ली घातली तर दात तुटतात, ओतलेलं पाणी-औषध श्वासनलिकेत जातं. जीभ गिळली जात नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय मात्र नाकाशी धरलेल्या कांद्याला, चपलेला मिळतं. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर दवाखान्यात न्या.

कादंबरीतल्या फारियाचा आजार आनुवंशिक, आणि तिसरा झटका म्हणजे मरण. वाचकाच्या मनात राहतं ते हेच. प्रत्यक्षात डोक्याला मार, जन्मावेळची इजा, मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या अळ्या अशीही फेफऱ्याची कारणं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात.

रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीला स्वतःला फेफऱ्याचा आजार होता, म्हणून ‘द इडियट’मधल्या प्रिन्स मिश्किनचा झटक्याआधीचा क्षण अस्सल उतरला. त्यावरून आजार प्रतिभा देतो असं ठरवणं चूक आहे. प्रतिभा त्याची, आजार वेगळा.

‘बाहेरचं’ लागलं म्हणून देवऋष्याकडे नेण्याचं काय? त्याऐवजी गावातच उपचार मिळावेत म्हणून बेंगळुरूजवळ अनेकल तालुक्यातल्या सकलवारा इथं निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं १९७०च्या दशकात केंद्र उघडलं. मनोविकार आणि फेफरे ओळखायला, औषध सुरू ठेवायला गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना तिथं शिकवलं गेलं. हा अनुभव १९८२च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या कामी आला. फेफऱ्यावर १९१२पासून वापरातली फेनोबार्बिटोनची गोळी आजही स्वस्त आहे.

हिंदू विवाह कायद्यातली फेफऱ्याची आडकाठी १९९९ मध्ये काढली गेली. तरी लग्न ठरलं की मुलींच्या गोळ्या लपवल्या जातात, कधी बंदही होतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.