शेपटी हलते म्हणजे होकार नव्हे

कळमेश्वरात सकाळी पट्ट्यातलं कुत्रं दिसलं की पोरं धावतात, हात थेट डोक्यावर. इथंच चुकतं. पट्ट्यामुळे त्याला मागे पळता येत नाही; घाबरलं की उरतं गुरगुरणं, नाहीतर चावणं. शेपटीवर विसंबू नका. इटलीतल्या संशोधकांना २००७ साली दिसलं, की मालक समोर आला की शेपटी उजवीकडे जास्त झुकते, अनोळखी दांडगा कुत्रा आला की डावीकडे; म्हणजे हलते दोन्ही वेळा. म्हणून आधी विचारा, "काका, हात लावू का?" हो म्हणाले तरी जरा लांब, तिरकं उभं राहा. त्याला वाटलं तर ते येईल, हुंगेल. मग छातीशी हळूच खाजवा. त्यानं तोंड फिरवलं, ओठ चाटले, की हात मागे. दात लागलाच तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.