चौलला उतरलेला रशियन व्यापारी आणि दीर्घ प्रवासाची तयारी

दीर्घ प्रवासाची तयारी म्हटली की सामानाची यादी आधी डोळ्यांपुढे येते. परंतु वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रवासात सामानच सर्वांत आधी हातचे जाते, आणि याचा एक जुना लेखी पुरावा रायगड किनाऱ्यावरील चौलशी जोडलेला आहे. कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले आणि अरब लेखक ‘सैमूर’ म्हणून ओळखत असलेले हे बंदर पंधराव्या शतकात बहामनी सत्तेखाली होते. तेथे 1469 च्या सुमारास (काही अभ्यासकांच्या मते 1471 मध्ये) रशियातील त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन उतरला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या जवळपास तीन दशके आधी. त्याची प्रवासवही ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ या नावाने प्रसिद्ध असून हे तीन समुद्र म्हणजे कॅस्पियन, हिंदी महासागर आणि काळा समुद्र होत.

त्याची तयारी त्या काळाच्या मानाने उणी नव्हती. राजाचे परवानापत्र त्याने घेतले होते, आणि एकट्याने निघण्याऐवजी मायदेशी परतणाऱ्या शिरवानच्या राजदूताच्या ताफ्यात सामील व्हावे म्हणून तो निज्नी नोव्हगोरोद येथे दोन आठवडे थांबला. राजदूताच्या सोबतीने जाणे हाच तेव्हाचा प्रवासविमा होता. तरीही व्होल्गाच्या मुखाजवळ आस्त्राखानच्या तातारांनी ताफा लुटला, आणि लुटीत त्याचे धर्मग्रंथही गेले. या शेवटच्या नुकसानीचे महत्त्व सहज लक्षात येत नाही: सणावारांची गणना त्या ग्रंथांवरून होत असे, त्यामुळे पुढे कित्येक वर्षे ईस्टर केव्हा येतो हे त्याला अंदाजाने ठरवावे लागले, आणि ही खंत वहीत पुनःपुन्हा डोकावते.

पुढे इराणमधून होर्मुझ बंदर गाठून त्याने ईस्टरनंतरच्या आठवड्यात घोडे वाहून नेणारे गलबत धरले, ते मस्कत, दीव, खंबायत करीत चौलला आले. दख्खनमध्ये लढाऊ घोड्यांची पैदास पुरेशी होत नसल्याने अरबी व इराणी घोड्यांना येथे मोठी मागणी असे, म्हणूनच त्याने शंभर रूबलचा एक घोडा बरोबर आणला होता. हिशेब बरोबर होता, मोसम मात्र चुकला. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याला लागल्यामुळे घाट चढून जुन्नरला पोहोचण्यास 24 दिवस लागले, आणि तेथे चिखलपाण्यात दोन महिने अडकून पडावे लागले. घोड्यांना येथे कडधान्ये आणि साखर घालून शिजवलेली खिचडी देतात, असे त्याने नोंदवले आहे. ही नोंद कौतुकाची वाटली तरी ती खरे म्हणजे खर्चाचीही आहे, कारण वर्षभर पोसून बीदरला विकलेल्या त्या घोड्याच्या किमतीतून पोसण्याचा खर्च वजा करावा लागला.

त्याआधी जुन्नरच्या खानाने हाच घोडा जप्त केला होता आणि धर्म बदलल्यास तो परत देण्याची अट घातली, तेव्हा खोरासानच्या एका मुहम्मद नावाच्या खोजाने रदबदली केली आणि घोडा सुटला. पैसा नव्हे, तर ओळख कामी आली. निकितीनच्या तयारीतील खरी उणीव बाजाराच्या माहितीत होती: हिंदुस्थानात रशियाला नेण्याजोगा माल मुबलक आहे असे ज्यांनी सांगितले, त्यांनी आपली फसवणूक केली, अशी तक्रार तो करतो. मिरी आणि रंग येथे स्वस्त असले तरी वाटेवरची जकात जबर होती आणि समुद्रात चाचे होते.

आज त्याच मार्गाने गाडी घेऊन निघणाऱ्याला परवानापत्राऐवजी पासपोर्ट लागतो, ज्याची मुदत पुढील किमान सहा महिने शिल्लक असावी अशी अनेक देशांची अपेक्षा असते. गाडीसाठी ‘कार्ने’ लागते, म्हणजे ती परदेशात विकली जाणार नाही याची हमी देणारा जकातीचा कागद. आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना एका वर्षातच संपतो. वाट आफ्रिकेतूनही जात असेल, तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तिचा दाखला मात्र आता आजन्म चालतो. मोसमाचा हिशेब पूर्वीसारखाच प्रवाशाच्या स्वतःच्या माथी असतो, आणि परतीच्या पैशांचाही.

परतताना निकितीन दाभोळहून गलबतात चढला; ते भरकटून इथिओपियाच्या किनाऱ्याला लागले आणि तेथील लोकांना तांदूळ, मिरी व भाकरी देऊन प्रवाशांनी लूट टाळली. त्रेबिझोंदला मात्र गुप्त पत्रे शोधण्याच्या निमित्ताने त्याच्या सामानाची झडती झाली आणि उरलेसुरले किडूकमिडूकही गेले. स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच त्याचा मृत्यू झाला. 1475 मध्ये व्यापाऱ्यांनी त्याची वही मॉस्कोला नेऊन राजदरबारातील अधिकारी वासिली मामिरेव याच्या हवाली केली.