बेस गिटारसाठी ट्यूब अँप घेताय? वर्गणी गोळा करण्याआधी हे वाचा

14 एप्रिलच्या मंचावर आता ढोलकी आणि की-बोर्डच्या जोडीला बेस गिटारही दिसू लागली आहे. वस्त्यांमधली तरुण मुले स्वतःचे बँड उभे करत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. अशा बँडमध्ये अँप बहुतेक वेळा सगळ्यांनी पैसे काढून घेतला जातो. निवड चुकली, तर पुढच्या दोन-तीन वर्षांची कमाई त्यात अडकते. म्हणून ट्यूब अँपविषयी काही गोष्टी आम्ही येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

ट्यूब म्हणजे काय?

आपल्या आजोबांच्या काळातला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवा. बटण दाबल्यावर तो गरम व्हायला वेळ घ्यायचा. ट्यूब अँपमध्ये तेच काचेचे व्हॉल्व्ह असतात. आवाज वाढवत नेला की ट्यूब एकदम फाटत नाही, हळूहळू दबते आणि स्वराला जाडी व ऊब येते. वादकांना हवी असते ती हीच ऊब.

गिटारचा अँप बेसला का चालत नाही?

चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार सुमारे 41 हर्ट्झवर वाजते. गिटारची खालची तार त्याच्या दुप्पट, म्हणजे 82 हर्ट्झवर असते. इतका खालचा स्वर आपल्या कानाला कमी ऐकू येतो, त्यामुळे तो पोहोचवायला शक्ती जास्त लागते. शिवाय खालच्या स्वरांसाठी अँपच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंडही जास्त लागते. बेसचा ट्यूब अँप महाग आणि जड असण्याचे मुख्य कारण तेच आहे. गिटारच्या अँपवर जोरात बेस वाजवली, तर त्याचा स्पीकर फाटण्याची भीती असते.

फेंडर कंपनीने 1952 मध्ये खास बेससाठी 'बासमन' अँप आणला. पुढे त्याच्या सुधारित रूपाला बेसवाल्यांपेक्षा गिटारवादकांनीच जास्त उचलून धरले. मोठ्या मैदानावर बेस ऐकू जावी म्हणून अँपेग कंपनीने 1969 मध्ये 300 वॅटचा 'एसव्हीटी' काढला. त्यात 14 ट्यूब होत्या. आजही बेसचा ट्यूब अँप म्हटले की याच अँपचे उदाहरण दिले जाते.

किती वॅट घ्यावेत?

वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होतो, हा गैरसमज आहे. वॅट दुप्पट केल्याने फक्त 3 डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून वॅटच्या आकड्याइतकेच स्पीकरच्या संवेदनशीलतेकडेही पाहावे. 94 डेसिबलच्या स्पीकरला 200 वॅट देऊन जेवढा आवाज मिळतो, तेवढाच 97 डेसिबलच्या स्पीकरला 100 वॅट देऊन मिळतो. चांगला स्पीकर घेणे अनेकदा स्वस्त पडते.

आमचे मत असे आहे: ड्रम्ससोबत वाजवायचे आणि बेसला पीए सिस्टिमचा आधार नसेल, तर ट्यूबचे 100 वॅट ही किमान मर्यादा समजा. ड्रमर जोरात वाजवणारा असेल तर 200 ते 300 वॅट लागतील. पण मंचावर साउंडवाला बेस थेट मिक्सरमध्ये घेणार असेल, तर अँपचे काम फक्त वादकाला स्वतःचे ऐकू येण्यापुरते उरते. तेव्हा लहान अँपही पुरतो. त्यासाठी अँपला मिक्सरकडे जाणारी लाइन आउट आहे का, हे आधी बघा.

ओहमचा हिशेब

ट्यूब अँप स्पीकर न जोडता कधीही वाजवू नका. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तोच अँपचा सर्वांत महागड्या भागांपैकी एक असतो. स्पीकरचे ओहम आणि अँपवरचे बटण जुळले पाहिजे. 8 ओहमचे दोन कॅबिनेट समांतर जोडले की 4 ओहम होतात. स्पीकरला गिटारची वायर लावू नका, जाड स्पीकर वायरच वापरा.

वीज आणि जीव

अमेरिकेतून आणलेला जुना अँप 120 व्होल्टचा असू शकतो. आपल्याकडे 230 व्होल्ट असतात. थेट प्लग लावला तर अँप जळेल. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. मंडपात अर्थिंग तपासल्याशिवाय प्लग लावू नये. अँपच्या आत शेकडो व्होल्ट असतात आणि बंद केल्यानंतरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात. म्हणून मागचे झाकण घरी उघडू नका. पॉवर ट्यूब बदलताना बायस जुळवावा लागतो, ते काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या.

पेलणार का?

300 वॅटच्या ट्यूब हेडचे वजन 35 ते 40 किलोपर्यंत जाते, त्यात कॅबिनेट वेगळे. ज्यांना लोकलने किंवा रिक्षाने सामान न्यायचे आहे, त्यांनी हा विचार आधी करावा. पॉवर ट्यूब झिजतात, त्यांचा खर्च दर काही वर्षांनी येतो. हे जमणार नसेल, तर पुढच्या भागात एक ट्यूब आणि मागे हलका क्लास-डी पॉवर अँप असलेले हेड घ्या. त्याचे वजन तीन-चार किलो असते. ऊब पूर्ण ट्यूब अँपइतकी नसते, पण पाठ शाबूत राहते.

शेवटी एकच सांगतो. दुकानात एकट्याने वाजवून अँप घेऊ नका. एकटी बेस कोणत्याही अँपवर गोड वाटते. ड्रमरला सोबत न्या, शक्य असेल तर अँप एका सरावासाठी भाड्याने आणा आणि सगळा बँड वाजत असताना बेसचा प्रत्येक स्वर वेगळा कळतो का, ते ऐका. पैसे सगळ्यांचे आहेत, तर निर्णयही सगळ्यांनी मिळून ऐकूनच घ्यावा.