बियाण्याच्या आजी कुठल्या कप्प्यात?

फोनमधले फोटो, कागद, आवाज वेळेला सापडत नाहीत, ही तक्रार तुमच्यापैकी कितीजणींनी आम्हाला सांगितली आहे. आज त्यावरच बोलू. पण सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो.

पेरणीच्या तोंडावर आमच्या केंद्रात शेतीच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. घरचं बियाणं कसं राखावं, यावर कुणी अनुभवी माणूस बोललेलं हवं होतं. आमच्या कॉम्प्युटरवर 'शेती' नावाचा एक कप्पा आहे, म्हणजे फोल्डर. तो उघडला, तर आत सगळे बाप्येच बोलत होते. फवारणी, ठिबक, बाजारभाव. बियाण्याबद्दल एक अक्षर नाही. मग आमच्यातल्या एकीला आठवलं, अगं, आपण एका आजींना बोलतं केलं होतं की! तूर-मटकी गोवऱ्यांच्या राखेत घोळून गाडग्यात कशी भरायची, तोंड कसं लिंपायचं, पेरायच्या आधी मूठभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून उगवतात का ते कसं बघायचं, सगळं त्यांनी सांगितलं होतं. ते गेलं कुठे? दीड दिवस शोधलं. शेवटी सापडलं 'महिला दिन' या कप्प्यात, कारण रेकॉर्डिंग त्या आठवड्यात झालं होतं. तोवर कार्यक्रम दुसऱ्याच विषयावर होऊन गेला होता.

कप्पे आम्हीच पाडलेले. म्हणजे आम्हीच त्या आजींना शेतकऱ्यांतून उठवून बायकांत नेऊन बसवलं होतं. जन्मभर शेत कसलेली बाई, आणि आमच्या कॉम्प्युटरच्या लेखी ती शेतकरीच नाही! सातबाऱ्यावर बाईचं नाव नाही म्हणून आपण तलाठ्याकडे खेटे घालतो, आणि इथे आमच्याच हातून हे झालं. लाज वाटली. मग आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

याला मराठीत वर्गीकरण म्हणतात. कॉम्प्युटरवाले टॅक्सॉनॉमी म्हणतात. शब्दाला घाबरू नका. कोणती वस्तू कोणत्या नावाखाली आणि ते नाव आणखी कोणत्या मोठ्या नावाखाली, हे आधी सगळ्यांनी मिळून ठरवायचं, एवढाच अर्थ. स्वयंपाकघरात आपण ते रोजच करतो. डाळींची फळी वेगळी, मसाल्याचा डबा वेगळा. मात्र आपल्या घरात हिंगाची डबी आपल्यालाच सापडते. आपण माहेरी गेलो की घरातून फोन येतो, हिंग कुठंय? मांडणी चांगली की नाही ते तिथे कळतं. ठेवणारीला सापडलं यात नवल नाही. जिनं ठेवलं नाही तिला सापडायला हवं.

फळीवरचा डबा एका वेळी एकाच जागी राहतो. पुस्तकाचंही तसंच. अमेरिकेतल्या मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये ग्रंथालयासाठी आकड्यांची पद्धत काढली. ती आजही जगभर चालते, आपल्याकडच्या कितीतरी वाचनालयांत पुस्तकाच्या पाठीवर दिसतो तो आकडा तिच्यातलाच. पण तिच्या जुन्या आवृत्त्या बघितल्या तर ३९५ वर शिष्टाचार आणि लगेच पुढे ३९६ वर स्त्रिया! धर्माच्या विभागात बहुतेक सगळे आकडे ख्रिस्ती धर्माला, आणि हिंदू, बौद्ध, इस्लाम हे सगळे शेवटच्या २९० च्या घरात दाटीवाटीनं. ज्यानं कप्पे पाडले त्याला जे जवळचं, त्याला ऐसपैस जागा. पुढे त्यात बदल होत गेले, पण इतकी पुस्तकं लावून झाल्यावर कप्पे हलवणं सोपं नसतं.

आपल्याकडे या प्रश्नाला हात घातला तो शि. रा. रंगनाथन यांनी. मूळचे गणिताचे शिक्षक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनला शिकायला गेले असताना तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी लहान मुलांचा मेकॅनो बघितला. पट्ट्या आणि स्क्रू तेच, पण जोडाल तसं नवं खेळणं. त्यांना वाटलं, पुस्तकाचा विषयही असाच सुट्या तुकड्यांतून जोडता येईल. त्यावरून बांधलेली त्यांची पद्धत १९३३ मध्ये छापून आली. त्यात त्यांनी पुढे पाच बाजू पक्क्या केल्या. त्यांचे शब्द जड आहेत, आम्ही ते आमच्यापुरते असे सोपे केले: मुळात कोण, कशाचं, काय केलं, कुठे, केव्हा. आजींचं बोलणं यात घालून बघा. शेतकरी बाई, तुरी-मटकीचं बियाणं, साठवण, अमुक गाव, अमुक साल. आता त्यांना 'महिला' की 'शेती' असं एका बाजूला ओढायची गरजच उरत नाही. आणि कॉम्प्युटरवर तर फळीची अडचणही नाही. एकाच रेकॉर्डिंगला चार खुणा लावता येतात, चारांपैकी कुठल्याही खुणेनं ते समोर येतं.

हे कुठे नीट केलेलं बघायचं असेल तर जात्यावरच्या ओव्या बघा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सोबतच्या कार्यकर्त्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्या कॉम्प्युटरवर आणायला आणि आवाज मुद्रित करायला हातभार लावला. आता 'पारी' या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. प्रत्येक ओवीला एक क्रमांक आहे. आधी अक्षर, मग आकडे, शेवटी पुन्हा अक्षर. मोठा विषय, त्यातला लहान, त्यातला आणखी लहान. विषय कोणते? पंढरीची वाट, सीतेचा वनवास, भावा-बहिणीची माया, बाईचा जन्म का दिला हा सवाल, बाबासाहेब आंबेडकर. रस-अलंकारांची नावं नाहीत. दळणाऱ्या बाईच्या मनात जे घोळत होतं त्याचीच नावं. आणि विषयाबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुकाही नोंदलेला. त्यामुळे एखादीला फक्त आपल्या आजोळच्या ओव्या हव्या असतील, तर तीही वाट मोकळी आहे. लाखभर ओव्या नुसत्या वह्यांत राहिल्या असत्या, तर एवढ्या ढिगातून एक ओवी कुणी हुडकली असती?

मग आम्ही आमच्या केंद्रात बसलो. वाटलं होतं एका दुपारचं काम. चार बैठका गेल्या, आणि त्यातली एक नुसती शेळीवर! शेळी शेतीत, पशुपालनात, की धंद्यात? कुणी म्हणे विकते ती, म्हणजे धंदा. कुणी म्हणे लेंडीखत शेतातच जातं ना! मिटलं असं, की 'शेळी' हीच एक खूण करायची, बाकीच्या खुणा बोलण्यात काय आहे ते ऐकून लावायच्या.

शब्दांचाही घोळ निघाला. एकीनं 'बचत गट' लिहिलेलं, दुसरीनं 'बचतगट' जोडून, तिसरीनं 'महिला मंडळ', चौथीनं इंग्रजीत. कॉम्प्युटरला ही चार वेगळीच माणसं वाटतात. भुईमुगाला कुठे नुसतं शेंगा म्हणतात, आणि शेवग्याच्या त्याही शेंगाच. आता आमच्या भिंतीवर एक तक्ता आहे. एका रकान्यात ठरलेला शब्द, शेजारी गावोगावचे शब्द. बोलणारी तिच्या भाषेत बोलेल, आपण खूण ठरलेल्या शब्दाचीच लावायची. तक्त्यात भर घालायची असेल तर बैठकीतच. आणि 'इतर' नावाचा कप्पा आम्ही काढूनच टाकला. आमचा निम्मा पसारा तिथेच जाऊन बसला होता.

तुमच्या गटाच्या फोनला एवढं सगळं लागणार नाही. पण आमच्या ओळखीतल्या एकीची गाय मेली. विम्यासाठी कानातल्या बिल्ल्याचा फोटो मागितला. फोटो काढलेला होता, पण शुभ सकाळच्या फुलांत आणि नातवाच्या वाढदिवसात कुठे होता ते सापडेना. रात्रभर बोटानं फोन सरकवत बसली होती बिचारी. म्हणून कागदाचा आणि कामाचा फोटो काढला की त्याच दिवशी त्याला नाव द्या. आधी साल, मग महिना, मग दिवस, म्हणजे नावानं लावले की ते आपोआप ओळीनं बसतात. पुढे काम, पुढे कुणाचं. '२०२४-०६-१२ विमा गाय बिल्ला' आणि बाईचं स्वतःचं नाव. नवऱ्याचं नाही. पावती तिच्या नावाची असेल तर खूणही तिच्याच नावाची.

एका बाबतीत मात्र आम्ही उलटं केलं. काही बायका आमच्याजवळ घरातल्या मारहाणीबद्दल बोलल्या आहेत. त्या रेकॉर्डिंगला गाव आणि नाव या खुणा नाहीत. जे शोधणाऱ्या कार्यकर्तीला सापडतं ते शोधणाऱ्या दिरालाही सापडतं. तिथे फक्त विषय आणि साल. नावांची वही वेगळी, कुलपात. ओव्यांना नाव-गाव लावण्यात गाणारीचा मान आहे, इथे त्यानंच घात होईल. आधार कार्डाच्या आणि पासबुकाच्या फोटोंचंही असंच, गटाच्या सगळ्यांना दिसणाऱ्या जागी ते ठेवू नका.

जुनी रेकॉर्डिंगं अजून सगळी ऐकून झालेली नाहीत. दर मंगळवारी दोघीजणी बसून खुणा लावतो. बियाण्याच्या आजी आता 'शेती'त आहेत, 'बियाणं'मध्ये आहेत, आणि 'महिला दिन'मध्येही राहू दिल्यात. यंदा पेरणीआधी शेतीच्या कार्यक्रमात त्यांचं बोलणं दोनदा लावलं. दुसऱ्या दिवशी एका शेतकरी दादांचा फोन आला. विचारत होते, पायलीभर तुरीला राख किती घ्यायची, तेवढं आजींना विचारून सांगता का.