बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ व भाजीपाल्याचा मळा

शेतकऱ्याच्या घरीं एखादें मूल बुद्धीनें मंद निपजलें, तर त्याचें बालपण कसेंबसें निभावून जातें. अलीकडे ठिकठिकाणीं विशेष शाळाही निघाल्या आहेत. परंतु अठरावें वर्ष सरलें कीं शाळा सुटते, आणि पुढील चाळीस-पन्नास वर्षें त्या माणसानें काय करावें याचा विचार बहुधा कोणी केलेला नसतो. तो ओट्यावर बसून राहतो. चहा दिला तर पितो, हांक मारली तर हंसतो. आईबाप थकत जातात व आपल्या मागें याचें कसें होणार हा एकच घोर त्यांच्या जिवास लागून राहतो. जमीनजुमला असलेल्या घरांत तर त्याच्या वांट्याचा प्रश्नही यांत मिसळतो. या वांट्याविषयीं शेवटीं लिहूंच. परंतु आमचें मुख्य सांगणें कामाविषयीं आहे. अशा प्रौढास चार माणसांच्या सोबतीनें करावयाचें, खरें व दुसऱ्याच्या उपयोगी पडणारें काम मिळालें पाहिजे. आणि पालेभाजी पिकविणाऱ्या गांवास तें जितकें सहज देतां येतें, तितकें क्वचितच दुसऱ्या कोणास देतां येईल.

ही कल्पना नवी नाहीं. बेल्जम देशांत गील नांवाचें एक गांव आहे. तेथील संत डिम्फ्नाच्या देवळांत मनोविकाराचीं माणसें आणीत व तीं गांवकऱ्यांच्या घरींच राहत. तेराव्या शतकापासून ही वहिवाट चालत आली आहे. हे गांवकरी मुख्यतः शेतकरी होते. पाहुणा घरच्या ताटावर जेवे, घरच्यांबरोबर शेतांत जाई, आणि त्याच्या विचित्रपणाचें कोणास नवल वाटत नसे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अशा पाहुण्यांची संख्या साडेतीन हजारांवर गेली होती. आतां ती पुष्कळच उतरली असली तरी प्रथा मोडलेली नाहीं. हॉलंडांत तर अशा माणसांस दिवसभर कामास घेणाऱ्या शेतवाड्या हजारांवर आहेत, व त्याबद्दल शेतकऱ्यास सरकारी निधींतून मोबदलाही मिळतो.

आपल्याकडे याचें जवळचें उदाहरण मुळशी तालुक्यांत आहे. तेथें कोळवणच्या खोऱ्यांत १९९४ सालीं ‘साधना व्हिलेज’ ही संस्था निघाली. डॉक्टर कार्ल कोनिग यांनीं १९४० च्या सुमारास स्कॉटलंडांत कॅम्पहिल येथें सुरू केलेल्या वसाहतींचा आदर्श तिच्यापुढें होता. मोठें वसतिगृह नव्हे, तर लहान लहान घरें. आणि त्यांत प्रौढ स्त्रीपुरुष कुटुंबासारखे राहतात. संस्थेंत त्यांस ‘विशेष मित्र’ म्हणतात. हा शब्द आम्हांस आवडला, कारण त्यांत कींवही नाहीं व हुकूमही नाहीं. बागकाम, स्वयंपाकघरांतील काम, हस्तव्यवसाय आणि गाणेंबजावणें यांत त्यांचा दिवस जातो.

आतां हडपसरकडे वळूं. खडकवासल्याचें धरण होऊन मुठेच्या उजव्या कालव्याचें पाणी आलें, तेव्हांपासून या बाजूस भाजीपाल्याचे मळे बहरले. आज त्यांतील पुष्कळ जमिनीवर इमारती उभ्या आहेत. तथापि मांजरी-फुरसुंगीच्या अंगास पालेभाजी अद्याप निघते आणि मांजरीच्या उपबाजारांत शेतकरी ती स्वतः नेऊन विकतात. याच हडपसरांत मगरपट्ट्याच्या सुमारें सव्वाशे शेतकरी कुटुंबांनीं जवळजवळ चारशे एकर जमीन एकत्र करून २००० सालच्या सुमारास स्वतःचें नगर वसविलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. जे चारशे एकर एकत्र करूं शकतात, त्यांस दोन गुंठे एकत्र करणें जड जाऊं नये.

पालेभाजीच कां, तें सांगतों. ऊस वर्षभरानें तोडावयाचा. एवढा काळ आपल्या हातच्या कामाचें फळ डोळ्यांपुढें ठेवणें या माणसांस कठीण जातें. मेथी महिन्याभरांत उपटण्याजोगी होते, कोथिंबीर सव्वा-दीड महिन्यांत, आणि पालक तर कापावा तसा पुनःपुन्हा फुटतो. शिवाय या पिकांत एकच कृति शेंकडों वेळां करावी लागते. आपणांस तिचा कंटाळा येतो; परंतु ज्यास नव्या गोष्टीची धास्ती वाटते व ओळखीच्या गोष्टींत सुख वाटतें, अशा स्वमग्न तरुणास तीच कृति मानवते. पेरणीपूर्वीं धने रगडून त्यांच्या फांकी करणें, रोपांच्या पिशव्या मातीनें भरणें, झेंडूचीं फुलें खुडणें हीं कामें या जातीचीं आहेत.

मात्र काम माणसास बेतून द्यावें लागतें. मेथी फोंकून पेरली तर तण कोणतें व पीक कोणतें हें ओळखणें अवघड होतें. म्हणून दोरी ताणून ओळींत पेरावी. ओळीबाहेर उगवेल तें तण, एवढा नियम पुष्कळांस उमजतो. जुडी बांधतांना काड्या मोजावयास सांगूं नये. तारेचें एक कडें करून द्यावें. कड्यांत मावेल ती जुडी. अंतर मोजावयास फूटपट्टीऐवजीं तेवढ्या लांबीची काठी द्यावी. ज्यांस उकिडवें बसवत नाहीं किंवा जे चाकाच्या खुर्चींत आहेत, त्यांच्यासाठीं विटांचा दोन-अडीच फूट उंच वाफा बांधावा; त्याची रुंदी चार फुटांहून अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनीं हात मध्यापर्यंत पोंचतो. काम तोंडानें सांगण्यापेक्षां शेजारीं बसून स्वतः करून दाखवावें, आणि पहिले कांहीं दिवस त्यानें फक्त शेवटची पायरी करावी. जुडी आपण अर्धी बांधून त्यास गांठ मारूं द्यावी. अशानें प्रत्येक वेळीं काम त्याच्याच हातून पुरें होतें.

तीन गोष्टींविषयीं कडक राहिलें पाहिजे. फवारणीचीं औषधें या मळ्यांत मुळींच आणूं नयेत. ज्यास डब्यावरील खूण वाचतां येत नाहीं त्याच्यापाशीं विष ठेवणें हा अपराध आहे. दुसरें, अशा पुष्कळ माणसांस फेफऱ्याचा विकार असतो. त्यांस विहीर, शेततळें अगर कालवा यांजवळ एकटें सोडूं नये. तिसरें, कांहीं औषधांनीं ऊन सोसत नाहीं व तहान लागली तरी सांगतां येत नाहीं. म्हणून घंटा वाजवून सर्वांनीं एकदम पाणी प्यावें.

मळ्याला लागूनच चूल असावी असें आमचें मत आहे. आपण पेरलेली मेथी आपणच निवडून, शिजवून खाल्ली म्हणजे कामाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. निवडणें, वाटाणे सोलणें, कणीक मळणें, ताटें मांडणें यांपैकीं कांहींना कांहीं प्रत्येकास जमतें. पाककृति शब्दांत न लिहितां प्रत्येक पायरीचें चित्र भिंतीवर क्रमानें लावावें व माप सगळीकडे एकाच वाटीचें ठेवावें. फेफऱ्याच्या माणसास ज्योतीपासून दूर बसवावें. ज्यांस गिळण्यास त्रास होतो त्यांचा घांस लहान व मऊ करावा. या एका बाबतींत वैद्याचा सल्ला आधीं घेतलेला बरा. स्वयंपाकाचें काम पुढें धंद्यापर्यंत जाऊं शकतें. मुंबईस ‘अर्पण’ या नांवानें प्रथम डब्यांचें काम सुरू झालें व २०१८ सालीं जुहू येथें उपाहारगृह निघालें. तेथें स्वमग्न व बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ गिऱ्हाइकांस वाढतात आणि त्याबद्दल पगार घेतात.

राहिलें गाणें. कोणी म्हणेल, तें करमणुकीपुरतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याच्या तोंडून वाक्य फुटत नाहीं, तोही ठेक्यावर टाळ धरतो व भजनाचें शेवटचें पद बरोबर उचलतो, हें अशा घरांतील माणसें नेहमीं सांगतात. दहाजणांच्या टाळांत एकाचा टाळ चुकला तरी भजन थांबत नाहीं. जगांत अशा जागा थोड्या. हडपसरास याची शिकवणी बाहेरून आणावयास नको. ज्ञानोबांची व तुकोबांची पालखी आषाढी वारींत येथूनच वेगवेगळ्या वाटांनीं पुढें जातात, एक सासवडकडे व दुसरी लोणीकडे. भजनी मंडळ नाहीं असें गांव या भागांत शोधूनही सांपडावयाचें नाहीं. आठवड्यांतून एक संध्याकाळ त्या मंडळानें मळ्यावर यावें, एवढेंच मागणें आहे. वरोऱ्याच्या आनंदवनांत तर अपंग कलाकारांचा ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंदच उभा राहिला व त्यानें गांवोगांव कार्यक्रम केले.

आतां वांट्याविषयीं. पूर्वीच्या हिंदु कायद्यांत जन्मतः जडबुद्धि असलेल्यास वारसा मिळत नसे. १९२८ च्या सुधारणेनेंही ही अट तशीच ठेविली. १९५६ च्या वारसा कायद्याच्या २८ व्या कलमानें ती गेली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें स्थावरजंगम मिळकत धारण करण्याचा त्यांचा समान हक्क स्पष्टच सांगितला. तरीही ‘त्याला काय कळतें’ असें म्हणून अंगठा उठवून घेणारे भाऊबंद आहेत, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. अठरा वर्षांनंतर आईबापही कायद्यानें आपोआप पालक राहत नाहींत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणें जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. नेमलेल्या पालकानें सहा महिन्यांच्या आंत मिळकतीची यादी द्यावयाची असते व दरवर्षीं हिशेब सादर करावयाचा असतो. आईबाप हयात आहेत तोंवरच हें करून घ्यावें. परंतु सातबाऱ्यावर नांव राहिलें आणि माणूस मात्र ओट्यावरच राहिला, तर त्या नांवाचा त्यास उपयोग काय?

कामाच्या नांवाखालीं फुकट राबवून घेणेंही आम्हांस मान्य नाहीं. अशा मुलास दिवसभर एकट्यानें गुरांमागें धाडण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. तींत ना सोबत, ना मोबदला. मळ्यावरील भाजी विकून येईल त्यांतून प्रत्येकाची मजुरी, थोडी कां होईना, ठरल्या दिवशीं त्याच्याच हातांत द्यावी.

आरंभ दसऱ्याच्या सुमारास करावा. तेव्हां हवा थंड होऊं लागते व पालेभाजीस ती मानवते. सहा माणसें व दोन मदतनीस इतकाच मेळ प्रथम असावा, आणि दिवसाचे तीन तास पुरे. पहिल्या वाफ्यांत मेथी पेरावी, व ती निघण्यापूर्वींच दुसऱ्यांत पालक पेरून ठेवावा, म्हणजे पहिल्या जुड्या मांजरीस गेल्या त्या आठवड्यांतही हात रिकामे राहत नाहींत.