दहा मीटरवरचा काळा ठिपका

आमच्या घरात ‘पिस्तूल’ हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा आईने चालते शिलाई मशीन थांबवले. “काय म्हणालीस?” तिने विचारले. मी पुन्हा सांगितले की, जिल्ह्याच्या गावी एक रायफल क्लब आहे, तिथे पिस्तुलाची नेमबाजी शिकवतात आणि मला तिथे जायचे आहे. आई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आगं, असलं काय आपल्यासारख्यांचं असतंय व्हय?”

आई ब्लाऊज शिवते. आबा फौंड्रीत कामाला आहेत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. कॉलेज म्हणजे पुस्तके, परीक्षा आणि पुढे जमली तर नोकरी, असा सरळ हिशेब घरच्यांनी मनाशी मांडलेला. त्या हिशेबात पिस्तूल कुठे बसवायचे हे त्यांना कळेना, आणि खरे सांगायचे तर मलाही कळत नव्हते. आईच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे दीड वर्ष गेले. जे हाती लागले ते विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात एन. सी. सी. च्या कॅम्पमध्ये झाली. तिथे .२२ रायफलीने पाच गोळ्या झाडायला मिळाल्या. माझ्या पाचही गोळ्या टार्गेटच्या मध्यापासून दूर, पण एकमेकींच्या जवळ लागल्या होत्या. मी हिरमुसले. हवालदारसाहेब मात्र खूश झाले. “मध्यभागी आणणं सोपं असतं. गोळ्या एका जागी पडणं अवघड असतं, ते तुला जमलंय,” असे म्हणून त्यांनी क्लबचा पत्ता दिला. एका जागी गोळ्या पडण्याला ‘ग्रुपिंग’ म्हणतात, हे मी त्या दिवशी शिकले.

क्लबमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न पडला तो रायफल की पिस्तूल हा. रायफलीच्या नेमबाजाला जाड कॅनव्हासचे जाकीट, तशीच विजार, खास बूट, हातमोजा असा सरंजाम लागतो आणि तो महाग असतो. पिस्तुलाला सपाट तळव्याचे बूट असले की सुरुवात करता येते. क्लबमध्ये नवशिक्यांसाठी दोन पिस्तुले होती. मी पिस्तूल निवडले त्यात आवडीइतकाच खिशाचाही भाग होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता हे पिस्तूल म्हणजे काय ते सांगते, कारण गैरसमज बरेच आहेत. हे एअर पिस्तूल असते. त्यात दारू नसते, काडतूस नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा नळीतून बाहेर पडतो. या व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवेच्या शस्त्राला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. काडतुसाच्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी. त्याला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. आबांना हे समजावून सांगितले तेव्हा त्यांची निम्मी काळजी मिटली. “म्हणजे पोलीस घरी येणार न्हाईत,” एवढे त्यांनी पक्के करून घेतले.

चित्रपटात दिसते तसे पळत, वळत, लपत गोळ्या झाडण्याचाही एक खेळ जगात आहे. त्याला ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ म्हणतात. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतील कोलंबिया या गावी स्थापन झाली आणि जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. त्या खेळात मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात, म्हणजे अचूकपणाइतकाच वेगही मोजला जातो. पण तो खेळ काडतुसांचा. माझ्यासारखीला क्लबात जो खेळ सापडला तो याच्या अगदी उलट आहे. इथे जागेवरून हलायचे नसते आणि घाई करणाऱ्याचे नुकसानच होते.

खेळाचे नियम थोडक्यात असे. टार्गेट १० मीटरवर असते. त्याचा मधला काळा भाग ५९.५ मिलिमीटर व्यासाचा, आणि त्यातले दहा गुणांचे वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. पिस्तूल एकाच हाताने धरायचे. दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. पिस्तुलाचे वजन दीड किलोपेक्षा जास्त नको आणि ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागला पाहिजे. साठ गोळ्या, सहाशे गुण. वेळ इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटे, कागदी कार्डांवर ९० मिनिटे. त्याआधी तयारीसाठी आणि सरावाच्या गोळ्यांसाठी १५ मिनिटे मिळतात. पूर्वी स्त्रियांना चाळीसच गोळ्या असत. २०१८ पासून त्यांनाही साठ झाल्या.

पहिले दोन आठवडे मला एकही गोळी झाडू दिली नाही. फक्त शिस्त शिकवली. पिस्तूल भरलेले नाही याची खात्री असली तरी ते भरलेलेच आहे असे समजायचे. नळीचे तोंड कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. पिस्तूल खाली ठेवले की नळीत रंगीत सुरक्षा-दोरी घालायची, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसते. ‘स्टॉप’ म्हटले की श्वाससुद्धा पुढचा घ्यायचा नाही, असे सर गमतीने म्हणत. आणि सराव संपला की हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, कारण छर्रे शिशाचे असतात.

मग खरे शिक्षण सुरू झाले. माझी समजूत अशी की, नेमबाजाचा हात दगडासारखा स्थिर असतो. पहिल्याच दिवशी माझा हात असा हलू लागला की मला रडू आले. सर म्हणाले, “अगं, हात सगळ्यांचाच हलतो. जगज्जेत्याचाही हलतो. तू हाताकडे बघू नकोस, साइटकडे बघ.”

याचे कारण साध्या गणिताने कळते. पिस्तुलाला पुढे एक उभी पट्टी असते, ती पुढची साइट. आणि मागे एक खाच. खाचेच्या बरोबर मध्ये पट्टी दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि माथा समपातळीत. समजा, संपूर्ण हात पिस्तुलासकट एक मिलिमीटर बाजूला सरकला, तर छर्राही एक मिलिमीटरच सरकेल. त्याने गुण सहसा जात नाही. पण मनगट वळून पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली तर? दोन साइटमधले अंतर सुमारे ३३ सेंटिमीटर, टार्गेट १० मीटरवर, म्हणजे जवळजवळ तीसपट लांब. ती एक मिलिमीटरची चूक टार्गेटवर तीस मिलिमीटरची होते. एकेका गुणाचे वर्तुळ आठ मिलिमीटरचे, तेव्हा जवळजवळ चार गुण गेले. म्हणून नजर साइटवर ठेवायची आणि टार्गेट धूसर दिसू द्यायचे.

ऐकायला सोपे, पण डोळा ऐकत नाही. तो पुन्हा पुन्हा त्या काळ्या ठिपक्याकडे पळतो. ही अडचण मी एकदा घरी बोलून दाखवली. आई दिव्याखाली सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, “सुई ओवताना कुणी भिंतीकडं बघतंय काय?” तिने श्वास रोखला, दोरा ओवला, श्वास सोडला. पिस्तूल कधीही हातात न घेतलेल्या माझ्या आईला जे ठाऊक होते, ते मला चार महिन्यांनी समजले.

राहिलेला भाग श्वासाचा आणि ट्रिगरचा. हात वर नेताना श्वास घ्यायचा, थोडा सोडायचा, थांबवायचा. काळ्या भागाच्या जरा खाली, पांढऱ्यावर नेम स्थिरावू द्यायचा, म्हणजे काळी साइट काळ्यात हरवत नाही. ट्रिगर हळूहळू दाबत न्यायचा, ‘आत्ता!’ म्हणून ओढला की मनगट वळतेच. आणि आठदहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर हात खाली घ्यायचा. हा शेवटचा नियम मला सर्वांत जड गेला. वर नेलेला हात तसाच खाली आणणे म्हणजे हरणे, असे मला वाटे. आमच्या घरात सुरू केलेले काम अर्धे टाकत नाहीत. पहिल्या वर्षी एक विषय राहिला तेव्हा मी कॉलेजच सोडून द्यायला निघाले होते, तेही याच समजुतीपोटी. एकदा चुकले म्हणजे ते आपले नव्हेच.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मी पहिल्यांदा उतरले, तेव्हा आबा रात्रपाळी करून तसेच बघायला आले होते. पहिल्या दहा गोळ्यांत ८४, दुसऱ्या दहांत ८५. माझ्या मानाने छान चालले होते. तिसऱ्या फेरीत हात थकला, नेम बसेना, पण खाली घ्यायचा धीर होईना. मागे आबा बसले आहेत, ते काय म्हणतील, असे वाटले आणि मी ट्रिगर ओढला. माझ्या कार्डावर भोकच नाही! गोळी शेजारच्या मुलीच्या कार्डावर लागली होती. अशा गोळीला शून्य. त्या फेरीत ७१ झाले. कान तापले. पिस्तूल खाली ठेवले, पाणी प्याले, दोन मिनिटे खुर्चीवर बसले. मग उरलेल्या तीस गोळ्यांत कितीदा तरी हात खाली घेतला, पुन्हा वर नेला. ८६, ८२ आणि शेवटची फेरी ८८. एकूण ४९६. मनू भाकरने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत ५८० गुण केले होते आणि पुढे कांस्यपदक मिळवले. त्यावरून माझ्या गुणांची किंमत वाचकांनी करावी.

परतताना एस. टी. स्टँडवर चहा घेताना आबांनी विचारले, “मधनंच हात खाली घेत हुतीस, ते भिऊन व्हय?”

“नाही आबा. नेम बसला नव्हता.”

“आणि बसला नसताना मारलीस ती?”

“ती शेजारणीच्या कार्डावर गेली.”

आबांनी चहा संपवला. “मग खाली घेतलेलंच बरं की,” ते म्हणाले. राहिलेल्या विषयाचा फॉर्म भरायची मुदत त्याच आठवड्यात होती. मी फॉर्म भरला आणि विषय सुटला.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. हा खेळ आपल्यासारख्यांचा आहे का? खर्च लपवून उत्तर देणे बरोबर नाही. स्पर्धेच्या दर्जाचे परदेशी पिस्तूल लाखाच्या वर जाते. ते मला परवडणारे नाही. छर्रे, कार्डे आणि प्रवेश फी यांनाही पैसे लागतात. पण सुरुवात क्लबच्या पिस्तुलावर होते, आणि सरावाचा मोठा भाग तर गोळीविनाच होतो. मी घरी एक लिटरची भरलेली बाटली हात लांब करून धरते. पिस्तुलाचे वजनही जवळपास तेवढेच.

शिवाय हा खेळ आपल्या मातीला परका नाही. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांनी १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना केली. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते. आमच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतले. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन आला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली, आणि ते आणले रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी केलेल्या एका मुलाने. ही नावे आईला सांगितली तेव्हा ती एवढेच म्हणाली, “कांबळवाडी? तिथं तर माझी मावशी दिलीय.”

मी तिथवर पोहोचेन असे मला वाटत नाही, आणि त्यासाठी मी जातही नाही. पुढचे ध्येय ५२० गुणांचे आहे. ज्यांना एकदा येऊन पाहायचे असेल त्यांनी शनिवारी तास संपल्यावर जिमखान्यापाशी मला भेटावे. आधार कार्डाची प्रत, दोन फोटो आणि सपाट तळव्याचे बूट बरोबर असावेत. पहिले दोन आठवडे गोळी झाडायला मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

— द्वितीय वर्ष, कला